चार चाकं आणि पाचवा नंबर

उमरग्यात हायवेला गुंडाप्पाचं टायरचं दुकान आहे. पन्नाशीत हा गडी चाकातले सेन्सर तपासायला शिकला, तेव्हा लोकांनी टिंगल केली. आता गाडीत हवा कमी असल्याचा दिवा पेटला की तेच लोक त्याच्याकडे धावतात. लोकांचं काय, दोन्हीकडून बोलतात.

त्या दुपारी बेंबळीचे सुगत मास्तर बायकोपोरांसह आले. "मामा, आत्ताच पंपावर हवा भरली, तरी दिवा जाईना. चारला सोलापुरात पोचायचंय."

उभ्या गाडीत सेन्सर झोपलेला असतो. गुंडाप्पानं थोडी थोडी हवा सोडून एकेकाला जागं केलं, मशीन जवळ धरलं. प्रत्येक सेन्सरचा आपला नंबर असतो. चारही नंबर आले, हवा बरोबर तेहतीस. सेन्सर म्हातारा झाला असेल, मशीननं दिवा पुसून टाकावा आणि पोरांना उन्हातून मोकळं करावं, असं त्याच्या ओठावर आलं.

तेवढ्यात मशीनवर पाचवा नंबर उमटला. शेवटी ४७१९. हवा अठरा. आणि शेजारी खूण, चाक फिरतंय.

भर उन्हात गुंडाप्पाच्या अंगावर काटा आला. नंबर त्याच्या लेकीच्या, शिवांजलीच्या गाडीतल्या सेन्सरचा होता. तीन वर्षांपूर्वी त्यानं स्वतःच तिच्या चाकात हवा भरली, हवेचा काटा बरोबर दिसला म्हणून दिवा पुसला आणि "जा बिनघोर" म्हणाला. जळकोटजवळ टायर फुटला. लेकीला माती देऊन आला त्याच दिवशी त्यानं तो सेन्सर हातोड्यानं ठेचून विहिरीत टाकला होता.

मशीन बंद करून पुन्हा लावलं. सतरा. सोळा.

"सर, पोरास्नी खाली उतरवा."

"पण चारही चाकं बरोबर आहेत ना?"

"उतरवा म्हणतो ना!"

मशीनवर मागच्या उजव्या चाकाची जागा लुकलुकत होती. त्यानं ते चाक खोललं, रिमवरून टायर उतरवला. आतल्या अंगाला वीतभर चीर होती, तारा उघड्या पडलेल्या. मास्तरांनी चिरेवरून बोट फिरवलं.

"काटा तर बरोबर होता. तुम्हाला कसं कळलं?"

गुंडाप्पानं मशीन पाहिलं. आता चारच नंबर होते.

"लेकीनं सांगितलं."

मास्तरांची बायको प्रीती डोळे पुसत दुकानात डोकावली. "कुठंय ती? तिच्या हातावर काहीतरी ठेवते."

"आत्ताच गेली, ताई," गुंडाप्पा म्हणाला, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा ढसाढसा रडला.