केसभर खालचा सूर

पेटीवाल्याला एका जागी बसलेलं कुणी पाहिलं असेल तर ते फक्त काम करताना. एरवी खुर्चीत टेकला की पाच मिनिटांत उठणार, खिडकी उघडणार, लगेच लावून घेणार, पाणी प्यायला स्वयंपाकघरात जाणार आणि न पिताच परत येणार. लोक त्याला पाठीमागे भिंगरी म्हणत. बायको होती तोवर ही भिंगरी निदान घराभोवती फिरायची. गेल्या वर्षी नाताळाच्या आदल्या आठवड्यात ती गेली, आणि तेव्हापासून हा माणूस कुठेच ठरेना.

चर्चला मात्र न चुकता जायचा. न गेला असता तर पाळक विचारपूस करायला घरी आले असते, आणि त्यांच्यासमोर अर्धा तास बसावं लागलं असतं! दाराजवळचा शेवटचा बाक, त्यातही कडेची जागा. गीत सुरू झालं की हा बाहेर, संपलं की आत. प्रार्थनेला डोळे मिटायचा, पण मनात एक अक्षर येत नसे. देवाशी त्याचं भांडण नव्हतं. भांडायला निदान बोलावं लागतं. इथे वर्षभर नुसता अबोला होता.

त्याचं पेट्या दुरुस्तीचं दुकान म्हणजे तळमजल्यावरची एक खोली. उघडलेले भाते, चामड्याच्या पट्ट्या, सुटलेल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे डबे, आणि सुरांच्या पितळी पत्त्या कागदात गुंडाळून नंबर घातलेल्या. नाताळाला दहा दिवस असताना त्याची मुलगी तिथे आली ती हातात मोबाइल घेऊनच. ती नुकतीच बदली होऊन परत आली होती, आणि पाळकांनी लगोलग गायनमंडळ तिच्या गळ्यात घातलं होतं. तिने मोबाइल समोर धरला, त्यात सूर मोजायचं यंत्र होतं. चर्चमधल्या पायपेटीचे सगळे सूर तिने एकेक करून तपासले होते. सगळीकडे सुई मधोमध. एका वरच्या सुरावर मात्र डावीकडे, म्हणजे सूर केसभर खाली.

जुनी पेटी आहे, म्हातारपणी एखादा दात हलायचाच, असं म्हणून त्याने टाळायला पाहिलं. पण मुलगी त्याचीच. या वर्षी साथीला व्हायोलिनवाला येणार होता, आणि जन्मगीतातला सगळ्यांत उंच सूर नेमका तोच. व्हायोलिन एकीकडे आणि पेटी दुसरीकडे असं झालं तर पहिल्याच नाताळाला शोभा होईल, असं तिने स्पष्ट सांगितलं. जाता जाता म्हणाली, "तुमच्या हातची पेटी, बाबा. आणि त्यात असा सूर?"

घाव वर्मी बसला. कारण तो सूर चुकून खाली गेलाच नव्हता. त्यानेच नेला होता.

लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. बायकोचा आवाज मोकळा, भरून वाहणारा; आनंद झाला की भांडी घासतानाही गाणार. फक्त जन्मगीतातल्या त्या उंच सुराला ती केसभर खाली थांबायची. रोज बजावूनही तिथेच. तेव्हाच्या गायनमास्तरांचा कान तिखट, जीभ त्याहून तिखट. त्यांनी तिला सगळ्यांदेखत सांगितलं की त्या ओळीला मागे उभी राहून नुसते ओठ हलव. ती घरी आली आणि घडी घातलेले कपडे उलगडून पुन्हा घड्या घालत बसली.

पुढच्याच आठवड्यात पायपेटी दुरुस्तीला आली. त्याने त्या सुराची पत्ती काढली आणि मुळाशी खरवडली. अगदी हलके दोन हात. पत्ती टोकाशी खरवडली की सूर चढतो, मुळाशी खरवडली की खाली येतो, एवढं या धंद्यात शिकाऊ माणसालाही ठाऊक. नाताळाच्या उपासनेत पेटी आणि बायको एका सुरात, आणि मास्तर एकटेच वर! बिचारे पुढे दोन वर्षं कानात औषध घालत होते. त्यानंतर एकतीस वर्षं त्याने ती पेटी दरवर्षी सुरात लावली, तेवढी एक पत्ती सोडून. बायकोलाही कधी सांगितलं नाही. कारागिराच्या इमानावर तो एकच डाग होता, आणि तो त्याला मनापासून आवडायचा.

आता झोप गेली, जेवणही अर्ध्यावर सुटू लागलं. हत्यारांची पिशवी घेऊन तो तीनदा चर्चमध्ये गेला. एकदा पायट्यांना तेल देऊन आला, एकदा भात्याचं ठिगळ बदलून, तिसऱ्यांदा नुसतं फडकं मारून. तो सूर सरळ केला की बायकोचा आवाज जिथे उरला होता ती शेवटची जागाही गेली. दुसऱ्यांदा पुरण्यासारखंच ते. न करावा तर मुलीला चारचौघांत मान खाली घालावी लागणार, आणि तेही त्याच सुरापायी, त्याच ओळीला. आईचं जे झालं ते मुलीचं? हे मनात आलं तेव्हा पिशवी उचलून तो निघालाच.

नाताळाच्या आदल्या दिवशी दुपारी चर्चमध्ये कुणी नव्हतं. त्याने पत्ती टोकाशी खरवडली. मुलीने घालून दिलेलं मोबाइलवरचं यंत्र लावून पाहिलं, सुई मधोमध. मग वर्षभरात पहिल्यांदा तो देवाशी बोलला. "झालं समाधान?" एवढंच, आणि पिशवी आवळली.

सकाळी उपासनेला तो नेहमीच्या जागी बसला, पण बेकरीवाला उशिरा आला आणि त्याला आत सरकवून स्वतः कडेला बसला. बेकरीवाल्याचा घेर असा की तो बसला म्हणजे वाट बंद. पाळकांनी थोडक्यात सांगितलं. म्हणाले, माणसं आधी सुधारतील आणि मग मी येईन, अशी वाट देवाने पाहिली नाही. ती जिथे होती तिथेच तो आला, गोठ्यात, रडणारं बाळ होऊन. आणि बाळ काही सुरात रडत नाही. लोक हसले. पेटीवाला दाराकडे पाहत होता.

जन्मगीत सुरू झालं. तो उठला. बेकरीवाला डोळे मिटून गात होता, त्याला धक्का मारूनही काही होईना. ओळ वर चढत गेली. पेटीचा सूर स्वच्छ लागला, व्हायोलिन त्याला जाऊन मिळालं, आणि सगळी मंडळी, तीनशे गळे, त्याच्या केसभर खाली थांबली.

अगदी तिच्या जागी. बेकरीवाला तिथे, पाळक तिथे, पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या तिथे. एकतीस वर्षं त्या पेटीशी गाता गाता सगळ्यांच्या गळ्याला तीच जागा ठाऊक झाली होती.

पेटीवाल्याला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. आपण एका बाईसाठी जे दोन हातांत केलं, ते देवाने सगळ्या जगासाठी केलं होतं; माणसांपाशी पोचावं म्हणून सूरच खाली आणला होता. ती तुलना फार मोठी आहे हे त्याचं त्यालाच कळलं, आणि तरी आनंद काही मागे हटेना. अबोला कधी सुटला ते समजलंच नाही. दुसऱ्या कडव्याला तो गात होता, मोठ्याने आणि केसभर खाली.

उपासना संपल्यावर बेकरीवाल्याने घाईने वाट करून दिली. म्हणाला, "जा, सुटलास."

"बसतो जरा," पेटीवाला म्हणाला.

मुलगी लालबुंद होऊन आली. सुई आज सकाळीही मधोमध होती, तिने स्वतः पाहिली होती. मग अख्खं चर्च खाली कसं गेलं? त्याने तिला बाकावर बसवलं आणि पत्तीची सगळी हकीकत सांगितली.

"आणि मी?" तिने विचारलं. "मी कुठे लागले?"

"तू? तू सगळ्यांच्या आधी तिथे पोचलीस."

तिने त्याचा हात धरला. थोड्या वेळाने तिने हळूच विचारलं की ती पत्ती पुन्हा खाली आणायची का.

"नको," तो म्हणाला. "आता गरज नाही."

चर्च रिकामं झालं, झाडणाऱ्या बाईने पुढचे बाक झाडून काढले, आणि मागच्या बाकापाशी येऊन ती थबकली. भिंगरी अजून बसलेलाच होता.