पडद्यावरचा अर्धा देव

निजामाच्या अमलातली गोष्ट. औंढ्याच्या जत्रेत तंबूतल्या सिनेमाचं मशीन मी चालवायचो. त्या साली पडद्यावर देव प्रकट झाला की त्याचा एक गाल काळाच दिसायचा. लोक भक्तिभावानं हात जोडायचे आणि बाहेर पडताना मला शिव्या घालायचे. मालक तर टपूनच होता. आज देवाचं तोंड उजळलं नाही तर उद्याच्या मोटारीनं कुरुंद्याला घरी जा आणि हळद शिजवत बस, असं त्यानं सगळ्यांदेखत बजावलं. हळदीशी माझं वैर नव्हतं, पण मशीनवर माझा जीव होता.

दुपारी फिल्म न लावताच दिवा पेटवला. पांढऱ्या पुठ्ठ्यावर मी कोळशानं चौकटी आखून ठेवल्या होत्या. तो झोतात आडवा धरायचा, कोणती चौकट मंद पडते ते बघायचं आणि पडद्याकडून मशीनकडे सरकत यायचं. डाग माझ्याबरोबर थेट मशीनपर्यंत आला. दिव्यापुढचं भिंग जरा फिरवलं, तर तोही फिरला. चोर सापडला होता. भिंग निवल्यावर काढून बघतो तर आतल्या अंगाला करपलेला काळा ठिपका, कडेला अजून लाल. कुंकू!

मी बाहेर विजेचं इंजिन सुरू करायला गेलो की मालकाच्या आई मशीनची पूजा करायच्या, हे मला ठाऊक होतं. दिव्याच्या पेटीत हात घालून त्या भिंगालाच टिळा लावतात, हे नव्हतं. मालकाला दाखवलं, तर त्याचं तोंड देवाच्या गालापेक्षा काळं पडलं. आमच्यापुढं वाघ असलेला हा माणूस आईपुढं शेळी होता. तूच सांग, म्हणाला आणि खांबाआड उभा राहिला.

संध्याकाळी म्हाताऱ्या आई पूजेचं ताट घेऊन आल्या. सांगितलं नाही तरी नोकरी जाणारच होती, म्हणून मी भिंग त्यांच्यापुढं धरलं.

"माय, ह्यो मशीनचा डोळा हाय. देवाच्या डोळ्यात कुकू घालत्यात व्हय?"

त्यांनी माझ्या हातातलं भिंग घेतलं. मग पदरानं ते पुसलं आणि याचं कपाळ कुठं, असं विचारलं. मी पेटीच्या लोखंडी पाठीवर हात ठेवला. तिथं टिळा लावून झाल्यावर त्यांनी तेच बोट माझ्या कपाळाला टेकवलं आणि खांबाकडे वळल्या.

"याला काहून घरी धाडतो? मशीनला आंधळं तर मीच केलं व्हतं."