राक्षसाच्या अंगरख्याला अस्तर

राक्षसाला थंडी वाजेल म्हणून हळहळणारा माणूस साऱ्या घाटकोपरात एकच आहे, आणि तो माझ्या शेजारच्या खोलीत राहतो. जन्मभर शिवणकाम केलं. दुकान कधीच बंद झालं, पण गळ्यातली टेप काही उतरत नाही. नातीने त्याला अद्भुत गोष्टींचं एक जाडजूड पुस्तक आणून दिलं, तेव्हापासून रोज दुपारी जेवणं झाली की हा गॅलरीत बसून मोठ्याने वाचतो आणि मी ऐकतो. मी गिरणीतला माणूस, शाळा दुसरीपर्यंत. हे त्याला कधी सांगितलं नाही. तू वाच म्हणाला की मी म्हणायचो, चष्मा घरी राहिला.

त्याचं वाचणं म्हणजे गिऱ्हाइकाचं माप घेणं. ढगांचा झगा घालून एक पोरगी उडते अशी गोष्ट आहे. ती सात समुद्र ओलांडून गेली तरी हा गळ्यापाशीच अडलेला, की बटणं नाहीत तर हिने तो डोक्यातून घातला कसा. राक्षसाच्या अंगरख्यासाठी त्याने अख्खी गॅलरी टेपने मोजली आणि अस्तराला कापड कमी पडेल म्हणून दिवसभर खंतावला. पण एखादं वाक्य मनात भरलं की तेच तीनदा वाचणार, पान चिमटीत धरून चाचपणार आणि म्हणणार, "माल अस्सल आहे रे."

वाचून वाचून पानं सुटली, तेव्हा त्याने मशीनवर टीप मारली. त्यात पानं मागेपुढे झाली. गाव गिळायला निघालेला राक्षस पान उलटताच एका म्हातारीची वेणी घालत बसला. हा गोंधळला. मी म्हटलं, आई असेल त्याची. त्यावर दोन दिवस भांडलो. शेवटी नातीने पानांचे आकडे दाखवले, तसा हा कात्री घेऊन बसला. मी स्पष्ट सांगितलं, उसवलंस तर उद्यापासून ऐकायला येणार नाही. ती टीप अजून तशीच आहे.

शेवटची एक गोष्ट राहिली आणि त्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिनाभर वाचायचं नाही. काळा चष्मा लावून बसला आणि पुस्तक माझ्या मांडीवर टाकलं. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "चष्मा तुझ्या खिशातच असतो मेल्या. तीन वर्षं बघतोय. वाच."

मी बोट ठेवून, अक्षराला अक्षर जोडत वाचलं. एका दुपारी जेमतेम चार ओळी. जन्मभर लोकांच्या चुका काढणाऱ्या या माणसाने माझी एकही काढली नाही.

महिना केव्हाच सरला. त्याला आता सुईत दोरा ओवता येतो, पण पुस्तक मागत नाही. म्हणतो, "तू वाचतोस तेव्हा गोष्ट पुरते."

आता मी बरं वाचतो. पण एकच पान उरलंय, म्हणून मुद्दाम अडखळतो.