विलासमामाची भिंत आणि माझा रोलर

विलासमामा आज सकाळी गेला.

आणि त्याच्या भिंतीवर पांढरा रंग फासणारी मी होते. आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली कमेंटमध्ये कुणी मला "स्टे स्ट्राँग" लिहायला नको.

मामा सख्खा नव्हे, आईने मानलेला भाऊ. कर्वेनगरला कालव्याकाठच्या आमच्या वस्तीत दोन घरं सोडून राहायचा. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. मग फ्लेक्स आले आणि तो घरी बसला.

बसला म्हणजे आठ दिवस. मग उठून पलीकडच्या सोसायटीच्या चेअरमनकडे गेला. वस्ती आणि सोसायटीच्या मधली भिंत रंगवू का, विचारायला.

चेअरमन म्हणाले, "रंगवा. निदान लोक तिथे उभे राहायचे तरी थांबतील."

मामाने तिच्यावर वस्तीतल्या बायका काढल्या. त्याच सोसायटीत धुणंभांडी करणाऱ्या. माणसाएवढ्या, एका ओळीत.

खडूने रेषा तो काढणार. रंग जिचा तिने भरायचा. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, त्याने स्वतःसुद्धा नाही.

जन्मात ब्रश न धरलेल्या बायका! सगळ्याजणींनी स्वतःला गोरं करून टाकलं. माझी आई तर चक्क गुलाबी.

"अगं शांते, ही तू की आइस्क्रीम?"

"भाऊ, तूच म्हणालास ना, माझा रंग मी भरायचा? मग गप बस."



त्यानंतर कामावर जाताना जी ती आपल्यापाशी थांबून जायची. आई पदराने तोंड पुसायची. भिंतीवरचं.

पुढे मी इंजिनिअर झाले, हिंजवडीत आयटी कंपनीत लागले. वस्तीतली पहिली. भिंतीचा रंग तोवर उडत चालला होता.

"रुपे, रंगाचे डबे मिळतात का बघ. बायकांना परत बसवतो रंगवायला."

एवढंच मागितलं होतं मामाने. डबे.

पण मी शहाणी ना! कंपनीच्या सीएसआर टीमला, म्हणजे समाजसेवेवाल्यांना, मेल टाकला. सगळे खूश. "कम्युनिटी आर्ट! वॉव!" शनिवार ठरला.

मामाने घरोघर जाऊन सांगितलं. बायकांनी कामावर खाडा केला. चांगल्या साड्या नेसून आल्या.

बस भरून माणसं उतरली. एकसारखे टीशर्ट. डिझायनरने चित्र आणलेलं. फुलपाखरं, झाडं, लॅपटॉपवाली हसरी मुलगी.

मी विचारलं, "आणि बायका?"

"आधी प्रायमर मारावा लागतो ना," डिझायनर म्हणाली. "क्लीन बेस."

मॅनेजर शेजारीच उभा होता. नोकरीत माझं कन्फर्मेशन अजून व्हायचं होतं.

"रुपाली, तुझीच वस्ती ना? चल, सुरुवात तू कर."

हातात रोलर आला. लोक टाळ्या वाजवायला लागले. मी सुरुवात केली.

आईपासून नाही केली, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. साफ खोटं. ओळीत आईच पहिली होती.

आई बघत होती. मग घरात निघून गेली. मागोमाग बाकीच्याही.

मामाजवळ गेले. म्हटलं, "मामा, आपण परत काढू ना."

"काढू की," तो म्हणाला. "तुमच्या साहेबांना मोकळा शनिवार कधी असतो, तेवढं विचारून ठेव."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर तो माझ्याशी अगदी नीट वागायचा. चहा विचारायचा. फक्त "रुपे" म्हणणं बंद केलं. "मॅडम" म्हणायचा. आणि ब्रश परत हातात धरला नाही.

कन्फर्मेशन झालं. लेटर अजून जपून ठेवलंय. काय करायचंय त्याचं, कुणास ठाऊक.

आज वैकुंठ स्मशानभूमीतून परत आल्यावर सगळे विचारत होते, मामाच्या भिंतीचा एखादा फोटो आहे का? श्रद्धांजलीच्या फलकावर लावायला. वस्तीत कुणाकडेच नव्हता. तेव्हा कॅमेरे कुठे होते कुणाकडे?

माझ्याकडे निघाला. कंपनीच्या जुन्या प्रेझेंटेशनमध्ये. उजवीकडे फुलपाखरं, डावीकडे मामाच्या बायका. बायकांच्या खाली ठळक अक्षरात लिहिलंय, "बिफोर".

तो शब्द कापून फोटो दिलाय. मामाने आयुष्यात केलेल्या सगळ्यात मोठ्या कामाचा तेवढाच पुरावा आहे, आणि तोही आम्ही ते पुसलं म्हणून उरला.

मामा, माफी मागायला मला तोंड नाही. नमस्कार तेवढा घे.