बंद लॅबमधली गरम मशीनं

अंबाजोगाईच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळायचे. एका दुपारी झाडझूड करणाऱ्या मावशी माझ्याकडे आल्या. "म्याडम, लॅबमदी कुणी न्हाई, अन् समदे डबे कावून घुमायलेत?"

जाऊन पाहिलं. स्क्रीन काळे, पण वीसही मशीनचे पंखे जोरात फिरत होते. एक स्क्रीन चालू केला, तर मी कधीच न टाकलेला प्रोग्राम मशीनला पूर्ण कामाला जुंपून बसलेला. लॅबची दुसरी किल्ली फक्त संख्याशास्त्राच्या नव्या मॅडमकडे होती. कॉलेजच्या विजेवर ही बाई बिटकॉइन तर काढत नाही ना, असं मनात आलं.

तीन दिवस मी बोलले नाही. त्या कधी येतात, कधी जातात, ते वहीत टिपत राहिले. त्यांनी हसून चौकशी केली तरी ते हसणं मला खोटं वाटायचं. चौथ्या दिवशी मुद्दाम पाच मशीनच्या नेटवर्कच्या वायरी काढल्या. वाटलं, आता धावत येतील. कुणी आलं नाही. उरलेल्या पंधरांवर काम बिनबोभाट चालू राहिलं. वायरी काढूनही हे थांबेना, तेव्हा मात्र मी घाबरले आणि मॅडमना सरळ विचारलं.

"जिल्ह्यातल्या पावसावर पीएचडी करतेय," त्या म्हणाल्या. "एका मशीनवर या गणिताला महिनोन्‌महिने लागतील. हे सॉफ्टवेअर त्याचे तुकडे करून सगळ्यांना वाटतं. एखादं मशीन बंद पडलं, तर त्याचा तुकडा दुसऱ्याला देतं."

"कुठून आणलंत?"

"फुकट मिळतं. ओपन सोर्स आहे, कोड उघडा आहे. तुम्हीच वाचा."

"आणि परवानगी?"

त्या म्हणाल्या, "मागितली असती तर मिळाली नसती."

आठवडाभर मी तो कोड वाचला. निम्मा कळला, आणि त्यात वावगं काही दिसलं नाही. आकडेही खरोखरच आमच्या जिल्ह्यातल्या धारूर, कडा इथल्या पावसाचे होते. तरी त्यांना अर्ज लिहायला लावला आणि दोघी प्राचार्यांकडे गेलो.

"फुकट? मग आपली माहिती बाहेर जात नाही कशावरून?" सरांनी विचारलं.

मॅडमच्या आधी मीच बोलू लागले. "कोड तपासलाय, इंटरनेट तोडून चालवू."

सरांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "तुमचा यात काय फायदा?"

शेवटी दहा मशीनं मिळाली, तीही सुट्टीपुरती. गणित पूर्ण झालं तेव्हा मॅडम पेढे घेऊन आल्या.

"आता तरी विश्वास बसला?"

"सॉफ्टवेअरवर बसला," मी म्हणाले.

त्या हसल्या नाहीत. मीही नाही.