बस तळ्यापाशी भेटली तेव्हा

आता स्वतःची फजिती कोणत्या तोंडानं सांगू? पण सांगते. चहा घ्या, हसा, फक्त माझ्या सासूबाईंसमोर विषय काढू नका!

धाकटा झाल्यावर नर्सबाई म्हणाल्या होत्या, "रोजच्या रस्त्यानं सायकल चालव. पहिल्यापेक्षा जास्त दमते का, तेवढं पाहत जा." झालं! मला पाहायला सांगितलं की मी दिवसभर तेच पाहते.

मोबाईल यांच्याजवळ, आणि हे दूर कामावर. मग मोजायचं कशानं? राइस मिलचा सकाळचा भोंगा वाजला की मी पोरीला कॅरियरवर बसवून शाळेकडे निघायची. समोरून नागभीडहून बस यायची. ती मोहाच्या झाडाखाली भेटली, म्हणजे माझी तब्येत ठणठणीत. महिनाभर तिथंच भेटली.

मग एका सोमवारी ती झाडाच्या अलीकडेच भेटली. मंगळवारी नाल्याच्या पुलावर. गुरुवारी तर तळ्यापाशी! झाड कुठं, आणि मी कुठं!

माझ्या मावसबहिणीला सिकलसेल आहे, तीही अशीच दमायची. मला काही झालं तर धाकट्याला पाहील कोण? पोरीच्या वेण्या कोण घालेल? यांना तर स्वतःचा भांग पाडता येत नाही!

घरी येऊन रडत बसले.

"काऊन वं, काऊन रडून राह्यली?" सासूबाई.

"आई, मी खंगून राह्यली. बस तळ्यापाशीच भेटली!"

"बस भेटली तं चांगलंच झालं ना! लोकायले भेटत नाई."

सगळं सांगितल्यावर त्याही घाबरल्या. सूरजागडच्या खाणीवर कामाला असलेल्या यांना शेजाऱ्याच्या मोबाईलवरून फोन गेला, हे सुट्टी टाकून आले. सायकल बंद. सकाळी अंडी, दुपारी शेवग्याची भाजी, आणि येताजाता गूळ-शेंगदाण्याचे लाडू. पंधरा दिवसांनी रक्ताचा रिपोर्ट आला. काहीच नाही!

"रिपोर्ट चुकला असन," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी यांनी तळ्यापाशी बसच थांबवली.

"भाऊ, हिले तुमची गाडी मोहाखाली भेटत होती. आता इथीच काऊन भेटते?"

ड्रायव्हरभाऊ आधी यांच्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिले. "तिकडं खड्डे बुजवून डांबर टाकलं ना. जेवढा रस्ता झाला, तेवढी गाडी लवकर."

आता तुम्हीच सांगा, बस उशिरा येते हे मला जन्मापासून ठाऊक. लवकरही येऊ शकते, हे कुणाच्या डोक्यात येईल?

हे हळूच म्हणाले, "म्हणजे रस्ता बिमार होता. तो बरा झाला."

हे कामावर परत गेले. लाडू मात्र चालूच राहिले. मी पुन्हा भोंग्यावर सायकल काढली. काल पोरगी मागून विचारते, "आई, रस्ता तं पुरा झाला ना? मंग बस आज आपल्या घराजवळच्या बोअरिंगपाशीच कशी भेटली?"

मी नुसती पायडल मारत राहिले. बोलायला दम कुठं होता? शिवाय तोंडात लाडू होता.