फक्कीबाईंचं माप

फक्कीबाईंच्या पंजाबी ड्रेसला गुडघ्यांवर कायम दोन पांढरे गोल असत. रत्नागिरीतल्या आमच्या जिम्नॅस्टिक्सच्या हॉलमध्ये त्या कबड्डीच्या रेषा मारायची फक्की मुलींच्या पायांच्या तळव्यांना फासत. मुलगी काळ्या मॅटवरून उडाली की निघाल्याची आणि उतरल्याची, अशा दोन खुणा उमटत. बाई गुडघे टेकून मधलं अंतर मोजत. टेपचं दुसरं टोक माझ्याकडे.

"सायलीचे बाबा, वाका जरा. ऑफिसात बसून कमर गंजली तुमची."

माझी सायली फ्लिक शिकत होती. म्हणजे मागे झेपावून हातांवर जायचं नि पुन्हा पायांवर यायचं. अंतर वाढलं की बाई खूश, म्हणून मीही खूश. पुढे समरसॉल्ट सुरू झाला. त्यात हात टेकायचे नाहीत, हवेतच फिरायचं. एक दिवस टेप पाहून मी ओरडलो, "शाब्बास! काल दोन फूट, आज तीन!"

"शाब्बास कसली, अहो!" बाई उसळल्या. "फ्लिक लांब जाते, समर वर जातो. फ्लिकला मागे खुर्ची आहे समजून बसायचं, तोल जाऊ द्यायचा. समरला तसं बसलात तर उंची गेली. मग फिरायला वेळ कुठला? जिथून उडाली तिथंच उतरायला हवी ती."

पण माझी शाबासकी सायलीच्या पायांत बसली होती. ती काढायला बाईंना आठ महिने लागले.

बाईंचा नियम एकच. दहापैकी दहा वेळा दीड फुटाच्या आत उतरली तरच स्पर्धेत समर. विभागीय निवडीच्या आदल्या दिवशी सायलीचे नऊ बरोबर आले. बाईंनी समर काढून टाकला.

"नव्वद टक्के झाले, बाई!"

"दहावीचा निकाल आहे काय हा? निवड पुढल्या वर्षीही आहे. मान एकच आहे पोरीला."

सायलीची निवड एका जागेनं हुकली. परतीच्या एसटीत बाईंनी भाजलेले काजू पुढे केले. मी घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सायलीला तळव्यांना फक्की लावून उभं करत त्या म्हणाल्या, "ये गो, रडून झालं ना? पहिल्यापासून मोजू." गणपतीपर्यंत दहाचे दहा आले. दिवाळीनंतर बाई आजारी पडल्या, आणि निवडीच्या तीन आठवडे आधी गेल्या.

त्या वर्षी सायलीनं समर मारला. तिची निवड झाली.

फॉर्मवर प्रशिक्षकाचं नाव लिहायचं होतं. तिनं बाईंचं लिहिलं. टेबलामागचे गृहस्थ म्हणाले, "सध्या शिकवतात त्यांचं लिहा."

"सध्याही त्याच शिकवतात," सायली म्हणाली.

फॉर्ममधली चूक मी आयुष्यात कधी खपवून घेतलेली नाही. पालकाच्या रकान्यात मी सही केली.